प्रस्तावना : गाडी आपली, पानाही आपलाच

माढा, माळशिरस, पंढरपूर या पट्ट्यातल्या वस्त्यांवर ट्रॅक्टरचं ऑइल दारातच बदललं जातं. मीटरवर अडीचशे तास भरत आले की चाकाला दगड लावायचा, खाली जुनं घमेलं सरकवायचं आणि बोल्ट सोडायचा. घरातला शाळकरी पोरगाही डिझेल फिल्टर बदलून लाइनमधली हवा काढून देतो. त्याच शेडखाली उभी असलेली मोटार मात्र वर्षातून एकदा सोलापूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. मालक काचेपलीकडे चहा घेत बसतो आणि संध्याकाळी हातात पडलेल्या बिलातल्या निम्म्या ओळी कशाच्या आहेत, हे न विचारता पैसे भरतो. ज्याला ट्रॅक्टर कळतो त्याला मोटार कळू नये, असं त्या यंत्रात काहीही नाही. मग अडतं कुठे? हे पुस्तक त्या प्रश्नातून लिहिलं गेलं.

सोलापूरचं आणि मोटारीचं नातं तसं जुनं. वालचंद हिराचंद दोशी १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. जहाजं, विमानं, साखर अशा उद्योगांबरोबर त्यांनी मोटारीचाही ध्यास घेतला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायसलरच्या गाड्या जोडून बाहेर पडल्या, पुढे फियाट आली आणि १९७०च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. आज सोलापुरात १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी-परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते; इंजिनाच्या झडपा ठरल्या क्षणी उघडणारा आणि मिटू देणारा दांडा तो. किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखानाही इथलाच. इंजिनाचे सुटे भाग घडवणाऱ्या या शहरात बोनेट उघडायला मात्र माणसं बिचकतात.

पद्मिनीच्या काळी बिचकून चालत नसे. कार्बोरेटरमध्ये कचरा अडके, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काळे पडत, प्लगवर काजळी धरे. पुण्याला निघालेला माणूस डिकीत पाना-पक्कड, जादा फॅनबेल्ट, पाण्याचा डबा आणि काचकागदाचा तुकडा टाकूनच निघे. वाटेत गाडी बंद पडली तर पॉइंट घासून, प्लग पुसून पुढे जाणं यात कुणाला मर्दुमकी वाटत नसे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि गाडीचा भरवसा वाढला. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा कार्बोरेटर गेला. इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयू आले. इंजिनावर प्लास्टिकचं झाकण बसलं. गाडी वाटेत बंद पडेनाशी झाली, म्हणून बोनेट उघडायचं कारण उरलं नाही. आणि उघडायची सवय गेली तशी ‘हे आपलं काम नव्हे’ ही समजूत पक्की झाली. वास्तविक नेहमीच्या देखभालीची कामं पद्मिनीपेक्षा आजच्या गाडीत कमी आहेत. पॉइंट नाहीत, चोक नाही, सारखं ट्यूनिंग नाही.

मालकाची माहिती आटली आणि ती पोकळी काउंटरने भरून काढली. सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर बोलायला नम्र असतो, कामातही चोख असतो. पण बहुतेक ठिकाणी त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेटही असतं. म्हणून एस्टिमेटमध्ये ऑइल आणि फिल्टरच्या खाली हळूच ओळी वाढत जातात : इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, उंदरांसाठी फवारा, टायरमध्ये नायट्रोजन. यातलं प्रत्येक काम म्हणजे लबाडी, असा माझा आरोप नाही. प्रत्येक कामाला कधी ना कधी, कुठल्या तरी गाडीत जागा असते. विचारायचं एवढंच की माझ्या गाडीला हे आज लागतं का.

आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे शाळेत शिकलेलं आठवलं तरी एक ओळ खोडता येते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची पावती आजच फाडणं. पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेल्या, नीट पळणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला डीकार्बनायझिंगची गरज सहसा नसते. व्हील अलाइनमेंटचं निदान तर गाडी स्वतःच सांगते : सरळ रस्त्यावर ती एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेला झिजतो. दोन्ही लक्षणं नसतील तर दर सर्व्हिसिंगला अलाइनमेंट कशासाठी?

हे ठरवायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. गाडी बनवणाऱ्यानेच ते लिहून दिलेलं असतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या कागदांखाली दबलेल्या ओनर्स मॅन्युअलमध्ये देखभालीचा तक्ता असतो. उभ्या रकान्यांत किलोमीटर आणि महिने, आडव्या ओळींत गाडीचे भाग आणि प्रत्येक चौकटीत एकेक खूण : इथे तपासा, इथे बदला. हा सगळा विषय या दोन खुणांत सामावलेला आहे. बिलं फुगतात ती मुख्यतः ‘तपासा’च्या जागी ‘बदला’ झाल्यामुळे. ब्रेक पॅड तपासायचे असतात, ते निम्मे शिल्लक असताना बदलले जातात. एअर फिल्टर झटकून, पाहून परत बसवायचा असतो, तो नवा येतो. आणि ज्यांचं नावच तक्त्यात नाही अशी कामं शेवटी ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड’ म्हणून जोडली जातात. तक्ता हाती असलेल्या माणसाला वाद घालावा लागत नाही. तो एवढंच विचारतो, ‘हे चाळीस हजारांच्या रकान्यात कुठे आहे, दाखवता का?’

हाच तक्ता उलट दिशेनेही बोलतो, आणि तेही ऐकायला हवं. ‘गाडी फिरतच नाही, मग ऑइल कशाला?’ असं म्हणणारे जुळे सोलापुरात घरोघरी भेटतील. पण बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या तक्त्यात ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, आणि जवळच्या जवळ फिरणारी गाडी इंजिन पुरतं तापण्याआधीच थांबत असल्याने तिच्या ऑइलचे हाल जास्त होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाटात ब्रेक तापल्यावर नेमकं तेच दगा देतं. ते बदलण्याची मुदत तक्त्यात दिलेली असते आणि ती चुकवू नये. अनावश्यक सर्व्हिस टाळायची म्हणजे आवश्यक सर्व्हिस वेळेवर करायची, हे या पुस्तकाचं पहिलं सूत्र आहे.

सोलापूरकरांसाठी तक्त्यातला एक कोपरा विशेष महत्त्वाचा, आणि तो सहसा कुणी वाचत नाही. धूळ, कडक ऊन, थोड्या अंतराच्या फेऱ्या, जड ओझं अशा ‘कठीण परिस्थितीत’ चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी मुदत दिलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या, ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर धुळीचे लोट उठणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे वर्णन तंतोतंत लागू पडतं. म्हणून इथे एअर फिल्टरकडे पुण्या-मुंबईच्या गाडीपेक्षा लवकर बघावं लागतं. बॅटरी थंडीत कुरकुरते खरी, पण तिचं आयुष्य खातो तो उन्हाळा. वायपरचं रबर पावसाने नव्हे, उन्हाने फाटतं. म्हणून ते मृगाच्या आधी तपासायचं. आणि कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी घालायचं नाही. इथल्या जड पाण्यातले क्षार चहाच्या पातेल्यात थर धरतात, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात. कंपनीने सांगितलेलं तयार कूलंट वापरावं. मिसळायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर. इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडू नये, हे वेगळं सांगायला नको; तरी पुस्तकात ते ठिकठिकाणी सांगितलं आहे.

टायरचं प्रकरण मी मुद्दाम सगळ्यात आधी ठेवलं आहे. ‘उन्हाळ्यात हवा कमी भरा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला आपल्याकडे इतका रुजला आहे, की पंक्चरवालाही तो न विचारता देतो. तो चुकीचा आहे आणि जीवघेणा आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात, त्या वाकण्याने टायर आतून तापतो आणि पुणे-सोलापूर महामार्गावर भर दुपारी, भर वेगात फुटतो तो बहुधा असा कमी हवेचा किंवा म्हातारा झालेला टायर. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो, आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्यात ही वाढ गृहीत धरलेली असते. तो आकडा ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर छापलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, त्या आकड्याप्रमाणे भरायची. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांची एक खूण असते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली दिसली तरी रबराचं वय त्या चार आकड्यांतच कळतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की मात्र वय बघायचीही गरज नाही, टायर काढायचा. हे सारं पाहायला एक प्रेशर गेज आणि सकाळची दहा मिनिटं पुरतात.

टायरनंतर ज्यांना पानाही लागत नाही अशी कामं येतात. डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहणं, कूलंट आणि ब्रेक ऑइलच्या टाक्यांवरच्या खुणा पाहणं, वायपर, बल्ब आणि फ्यूज बदलणं. बऱ्याच गाड्यांत एसीचा केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्पा खाली घेतला की दोन खुंट्या दाबून तो बाहेर येतो. एसी कमी गार करतो म्हणून ज्या गाड्या तक्रार घेऊन जातात, त्यांतल्या काहींना गॅस नको असतो, धुळीने बुजलेला हा फिल्टर बदलून हवा असतो. साध्या मल्टिमीटरने बॅटरी पाहता येते : रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, आणि इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १४च्या जवळ जायला हवा. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला की पोटात गोळा येतो, पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं आणि काहीशे रुपयांचा स्कॅनर मोबाइलला जोडून तो दिवा कशासाठी लागला याचा कोड वाचता येतो. कोड म्हणजे निदान नव्हे. तो चौकशी कुठे सुरू करायची ते सांगतो, आणि गॅरेजच्या दारात पाऊल ठेवताना तेवढी माहितीही पुष्कळ असते.

ऑइल बदलणं ही पुढची पायरी. लहान पेट्रोल गाड्यांत साधारण ३ ते ४ लिटर ऑइल लागतं. कोणतं, हे दुकानदाराने ठरवायचं नाही. मॅन्युअलमध्ये ग्रेड छापलेली असते, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०, आणि तिच्या शेजारी दर्जाची खूण. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’ हा सल्ला जुन्या इंजिनांसाठी ठीक होता. आजच्या इंजिनांतल्या फटी आणि ऑइलच्या वाटा पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिथे कमी राखेचंच ऑइल लागतं. चुकीचं ऑइल तो महागडा फिल्टर बुजवतं. काम करताना गाडी नुसत्या जॅकवर उचलून कुणीही, कधीही तिच्याखाली जायचं नाही. जॅक स्टँड हवेतच. ते नसतील तर हे काम घरी करायचं नाही. ड्रेन बोल्टचा वायसर नवा घालायचा आणि बोल्ट सांगितला आहे तेवढाच आवळायचा. जोर दाखवला तर ऑइल पॅनचे आटे जातात. काढलेलं काळं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारीत, ओढ्यात किंवा बांधावर ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून अधिकृत संकलकाकडे किंवा त्याला ऑइल देणाऱ्या गॅरेजकडे पोचवायचं.

काय करायचं नाही याचंही एक प्रकरण आहे, आणि ते वगळून कुणी पुढे जाऊ नये. एअरबॅगची कुठलीही जोडणी, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस, हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतल्या नारिंगी केबल यांना हौशी हात लावू नये. सीएनजीच्या नळ्या आणि सिलिंडर तर अजिबात नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट अधिकृत केंद्रातच करायची. ब्रेकचं काम शिकलेल्या माणसाच्या हाताखाली राहून करावं, व्हिडिओ बघून नव्हे. कंपनीने रीकॉल काढला असेल तर ते काम कंपनीकडेच, आणि तेही फुकट, करून घ्यायचं.

वॉरंटीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येतं. २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या बाजाराची चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं, हा मुख्य ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असंही आयोगाने सांगितलं. दंडाचा वाद पुढे अपिलात आणि न्यायालयांत गेला, पण त्या आदेशाने मांडलेलं तत्त्व महत्त्वाचं आहे. अमेरिकेत वॉरंटीच्या नावाखाली विशिष्ट कंपनीचाच माल वापरायला लावण्यावर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने बंधन आणलं, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनीच मोटारदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी ही तिची चार क्षेत्रं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचं संकेतस्थळही सुरू झालं.

तरीही माझा सल्ला सावध आहे. वॉरंटीच्या काळात तक्त्यातली कामं अधिकृत सेंटरमध्येच, मुदतीत करा आणि जॉब कार्डावर सही करण्याआधी तक्त्याबाहेरच्या ओळी खोडून घ्या. तक्रार उद्भवली तर कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा शिक्क्यानिशी नोंद दाखवणं सोपं असतं. टायर, फिल्टर, वायपर, बॅटरी यांकडे स्वतः बघायला वॉरंटीची आडकाठी नसते. वॉरंटी संपली की मोकळीक वाढते. तेव्हाही प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, वापरलेला माल आणि त्याचं बिल एका वहीत ठेवा. गाडी विकताना ती वही उपयोगी पडते.

हे पुस्तक गॅरेजवाल्यांच्या विरोधात नाही. गल्लीतल्या मिस्त्रीच्या हाताला जे कळतं ते पुस्तकात उतरत नाही, आणि ज्याने चार कामं स्वतः केली आहेत त्यालाच त्या हाताची किंमत कळते. असं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं आणि नेमकं विचारतं. चांगल्या मिस्त्रीला ते आवडतं. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे पुन्हा जायचं की नाही हे आपोआप ठरतं.

प्रकरणांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला लागणारी हत्यारं, वेळ आणि धोका दिला आहे. शेवटी ‘इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा’ अशी एक चौकट आहे. गाडी बाप्यांनीच बघायची, असं मानण्याचं काही कारण नाही. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, मुलींनी आणि सुनांनीही, निदान पहिली तीन प्रकरणं हाताने करून पाहावीत. सगळंच करायला हवं असंही नाही. कुणी टायर आणि फिल्टरपाशी थांबेल, कुणी ऑइलपर्यंत जाईल. दोघांनाही पुढच्या एस्टिमेटवरच्या ओळी वाचता येतील, आणि माझी अपेक्षा तेवढीच आहे.

वाचकाला विनंती एकच. पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या गाडीचं मॅन्युअल शोधा. हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्यातला देखभालीचा तक्ता छापून या पुस्तकात घालून ठेवा. हे पुस्तक आणि तो तक्ता यांत कुठे फरक आढळला, तर खरा तक्ता माना.